लाइट मारायची कशी? नव्या डेंटिस्टसाठी कंपोझिट क्युअरिंगचे धडे

सांगलीत दवाखाना सुरू करून दुसरं वर्ष होतं. तासगावकडचे एक द्राक्षबागायतदार काका आपलं फिलिंग हातात घेऊन आले. भडंग खाताना तुकडा निघाला होता आणि तो त्यांनी गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटात जपून आणला होता. फिलिंग मीच केलेलं, जेमतेम तीन महिन्यांपूर्वी, खालच्या पहिल्या दाढेत. तुकड्याचा वरचा भाग दगडासारखा होता. उलटा करून खालच्या बाजूला एक्स्प्लोररचं, म्हणजे दात तपासायच्या अणकुचीदार हत्याराचं, टोक टेकवलं, तर ओल्या साबणात सुई जावी तसं ते आत गेलं. दाढेत बघितलं, तर हिरडीकडच्या तळाला तसाच मऊ थर शिल्लक.

फिलिंग कडक करायला मी वीस सेकंद निळ्या उजेडाची लाइट मारली होती. बीपही ऐकलं होतं. मग लाइटचं टोक ट्यूबलाइटकडे धरून पाहिलं, तेव्हा उलगडा झाला. काचेवर आधीच्या कुठल्याशा पेशंटचं कंपोझिट, म्हणजे फिलिंगचं मटेरियल, चिकटून कडक झालं होतं, ज्वारीच्या दाण्याएवढं. किती दिवस होतं कुणास ठाऊक. काकांचं फिलिंग पुन्हा करून दिलं, पैसे अर्थातच घेतले नाहीत.

तेव्हापासून, वानलेसवाडीच्या भारती विद्यापीठाच्या कॉलेजातून असो किंवा कवलापूरच्या वसंतदादा पाटील कॉलेजातून, जी पोरं हात बसवायला माझ्याकडे येतात, त्यांच्या हातात दात कोरायचा एअरोटर नंतर देतो, लाइट आधी. कारण वरून फिलिंग जवळजवळ नेहमीच कडक लागतं. प्रश्न तळाचा असतो, आणि तळाला किती उजेड पोचला हे कुठलीही गन, म्हणजे ही हातातली लाइट, सांगत नाही.

हळदीचा प्रयोग

कंपोझिट म्हणजे काचेचे बारीक कण आणि त्यांना धरून ठेवणारं रेझिन. या रेझिनमध्ये अगदी थोडं कॅम्फरक्विनोन असतं. ते निळा उजेड शोषतं, सगळ्यात जास्त ४६८ नॅनोमीटरच्या आसपास. उजेड शोषला की सोबतच्या अमाईन नावाच्या रसायनाशी त्याची प्रक्रिया होते, फ्री रॅडिकल सुटतात आणि रेझिनचे सुटे रेणू एकमेकांत गुंफत जातात. जिथं उजेड कमी पडला तिथं गुंफण अर्धवट राहते, सुटे रेणू तसेच उरतात. काकांच्या दाढेत नेमकं हेच झालं होतं.

कॅम्फरक्विनोन पिवळंधमक असतं. निळा उजेड ते स्वतः गिळतं, म्हणून आपल्या डोळ्यांना पिवळं दिसतं. हे पटवायला सांगलीत फार लांब जावं लागत नाही. स्वयंपाकघरातली चिमूटभर हळद स्पिरिटमध्ये कालवून कोऱ्या कागदावर पट्टा ओढा. वाळू द्या. खोलीतले दिवे घालवा, नारिंगी चष्मा चढवा आणि कागदावर लाइट मारा. कागद काळोखात जातो आणि हळदीचा पट्टा तेवढा पिवळा चमकतो. हळदीतलं करक्युमिन निळा उजेड गिळतं आणि त्यातला काही दुसऱ्या रंगात परत टाकतं. कॅम्फरक्विनोन गिळलेला उजेड कामाला लावतं. नव्या मुलांना पुस्तकातला आलेख दाखवण्यापेक्षा हे दोन मिनिटांत कळतं. शिवाय चष्मा खरंच निळा उजेड अडवतो का, तेही जाता जाता तपासून होतं.

या पिवळेपणाची एक अडचण आहे. ब्लीच केलेल्या दातांसाठी जे पांढरेशुभ्र शेड येतात, त्यांत कंपन्यांना कॅम्फरक्विनोन कमी घालावं लागतं. त्याऐवजी टीपीओसारखं दुसरं इनिशिएटर, म्हणजे उजेडानं प्रक्रिया सुरू करणारं रसायन, घालतात. त्याला निळा नव्हे, जांभळा उजेड लागतो, म्हणजे साधारण ४२० नॅनोमीटरच्या खालचा. नुसता निळा उजेड देणारी गन त्यावर कितीही वेळ धरा, टीपीओ जागचं हलणार नाही. म्हणून नवीन मटेरियल आणलं की डब्यातला कागद फेकण्याआधी वाचा. कुठल्या लाइटखाली, किती सेकंद, किती मिलिमीटर, हे सगळं तिथं लिहिलेलं असतं.

तुमच्या हातात कोणती लाइट आहे?

इतिहास थोडक्यात उरकतो. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला अल्ट्राव्हायोलेट लाइट होत्या. त्या फार खोल जात नसत आणि डोळ्यांना-कातडीला घातक. त्या दशकाच्या शेवटी निळ्या उजेडाचे हॅलोजन आले आणि वीस-पंचवीस वर्षं त्यांनीच राज्य केलं. प्लाझ्मा आर्क आणि आर्गॉन लेसर येऊन गेले, महाग होते, आपल्याकडे फारसे रुळले नाहीत. २००० च्या आसपास एलईडी आल्या आणि आज बाजारात त्याच आहेत.

जुन्या दवाखान्यात भागीदारीत बसत असाल तर कोपऱ्यात वायर आणि पंखावाली हॅलोजन अजून सापडेल. ती वापरायला हरकत नाही, पण तिचा बल्ब हळूहळू काळा पडतो, रिफ्लेक्टर धुरकट होतो, फिल्टर सोलवटतो. बाहेरून बघणाऱ्याला उजेड तितकाच निळा दिसत राहतो. डोळ्यावर विश्वास ठेवू नका. आणि काम झाल्या झाल्या प्लग ओढू नका, पंखा थांबेपर्यंत थांबा.

एलईडीचे दोन प्रकार लक्षात ठेवले तरी पुरे. एका प्रकारात फक्त निळी चिप असते. दुसऱ्यात निळ्यासोबत जांभळीही, साधारण ४०५ नॅनोमीटरची. दुसरी महाग असते. ए-दोन, ए-तीन अशा दाताच्या नेहमीच्या रंगांच्या शेडच्या कामाला पहिली चालते. पुढच्या दातांची सौंदर्याची कामं जास्त करणार असाल तर दुसरीचा विचार करा. या दुहेरी गनमध्ये टोकाच्या एका बाजूला निळा जास्त आणि दुसऱ्या बाजूला जांभळा जास्त असं होऊ शकतं. म्हणून एका जागी मारून झालं की गन थोडी फिरवून पुन्हा मारावी.

डब्यावरचा आकडा

डब्यावर मोठ्या अक्षरात छापलेलं असतं: १००० मिलिवॅट, १२०० मिलिवॅट, काहींवर २५०० सुद्धा. हा आकडा दर चौरस सेंटिमीटरला, आणि तोही अगदी टोकाशी मोजलेला. तुमचं कंपोझिट टोकाशी नसतं.

हिशेब सोपा आहे. आकडा गुणिले सेकंद म्हणजे मिळालेली ऊर्जा. हॅलोजनच्या काळात ४०० मिलिवॅटची लाइट चाळीस सेकंद मारायचे, म्हणजे चौरस सेंटिमीटरला १६ ज्यूल. दोन मिलिमीटरच्या थराला साधारण एवढं लागतं असं तेव्हा धरत. ८०० ची लाइट वीस सेकंद मारली की तेवढंच होतं. मटेरियलनुसार हे कमी-जास्त होतं, पण डोक्यात एक माप असलेलं बरं.

यावरून कुणी म्हणेल, मग ३००० ची आणून तीन सेकंदांत मोकळं होऊ. गुणाकार करून बघा, ९ ज्यूल होतात. काही मटेरियल खास तशा वापरासाठी बनवलेली असतात आणि त्यांच्या कागदावर तसं लिहिलेलं असतं. ती सोडून बाकीच्यांवर हा टर्बो प्रकार करू नये. सेल्समन डेमो देताना तुमच्या नखावर थेंबभर कंपोझिट ठेवून तीन सेकंदांत कडक करून दाखवतो. नखावर अर्ध्या मिलिमीटरचा थर असतो आणि लाइट वर टेकलेली असते. दुसऱ्या दाढेच्या मागच्या बॉक्समध्ये, म्हणजे बाजूच्या खोल खड्ड्यात, करून दाखव म्हणावं.

आकड्यापेक्षा मी टोकाचा व्यास आधी बघतो. सात मिलिमीटरचं टोक ०.३८ चौरस सेंटिमीटर झाकतं, दहाचं ०.७८, म्हणजे दुप्पट. टोक लहान करून डब्यावरचा आकडा फुगवता येतो. दाढ पुढून मागे दहा-अकरा मिलिमीटर असते. सातच्या टोकानं एकदाच मधोमध मारली तर कडा उपाशी राहतात. अशा वेळी पुढच्या अर्ध्यावर एकदा, मागच्या अर्ध्यावर एकदा, एकमेकांवर थोडं चढवून मारायची.

पेशंट खुर्चीत बसण्याआधी

सकाळी दवाखाना उघडला की आमच्या सहायक ताई दिवाबत्ती करतात आणि मग हे बघतात. टोकाच्या काचेवर काही चिकटलंय का? असेल तर मऊ प्लास्टिकच्या पात्यानं काढायचं. स्केलर किंवा ब्लेड लावलं की ओरखडे पडतात आणि मग तिथून उजेड कायमचा विखुरतो. उजेड टोकापर्यंत नेणारी फायबरची कांडी असेल तर एक टोक उजेडाकडे धरून दुसऱ्या टोकातून बघा. काळे ठिपके म्हणजे आतले तंतू तुटलेत. कांडी ऑटोक्लेव्हमध्ये जाणारी असेल तर त्यात डिस्टिल्ड वॉटरच वापरा. बोअरच्या पाण्याचा पांढरा थर किटलीत बसतो तसाच काचेवरही बसतो.

मग बॅटरी. चांगल्या गन बॅटरी उतरली तरी उजेड तोच ठेवतात आणि शेवटी बंद पडतात. स्वस्तातल्या काही गन बॅटरीबरोबर मंदावत जातात आणि बीप मात्र वीस सेकंदांनी बरोबर देतात. दुपारी जेवायला जाताना स्टँडवर ठेवायची सवय लावून घ्या.

रेडिओमीटर, म्हणजे लाइटचा जोर मोजायचं यंत्र, घ्याच. दवाखान्यातल्या छोट्या रेडिओमीटरचा आकडा प्रयोगशाळेइतका खरा नसतो, एकाच गनचे दोन मीटरवर दोन आकडे येतील. पण त्याचा उपयोग वेगळा आहे. गन नवी असताना पहिल्या दिवशी तुमच्या मीटरवर जो आकडा आला तो वहीत लिहा. दर सोमवारी त्याच मीटरवर, त्याच टोकानं, प्लास्टिकचं कव्हर लावून पुन्हा मोजा. आकडा घसरायला लागला की कारण शोधा.

कव्हरबद्दल एक बारीक गोष्ट. त्याची शिवण टोकावर येऊ देऊ नका, पडदा ताणून गुळगुळीत बसवा. हातमोज्याचं बोट कापून टोकावर चढवलेलं मी पाहिलंय. त्यातून उजेड किती जातो हे मीटरवर एकदा बघा, पुन्हा करणार नाही.

तोंडात

आता खरं काम. बॉक्सवाली दुसऱ्या वर्गाची कॅव्हिटी, म्हणजे शेजारच्या दाताकडच्या बाजूपर्यंत गेलेला खड्डा, धरू, चुका इथंच होतात.

डोक्यावरचा दिवा बाजूला वळवा किंवा नारिंगी झाकण टाका. त्या दिव्यातही निळा उजेड असतो, आणि तुम्ही कंपोझिट दाबत असतानाच ते वरून आळायला लागतं. पेशंटची मान अशी वळवा की लाइटचं डोकं दाढेच्या माथ्यावर सरळ बसेल. पेशंटला अवघडलेलं चालणार नसेल तर तोंड उघडं ठेवणारा बाईट ब्लॉक द्या. तोंड उघडून धरायचा कंटाळा येऊन जबडा मिटत जातो आणि लाइट तिरकी होते. तिरकी लाइट म्हणजे बॉक्सच्या एका भिंतीखाली सावली.

कंपोझिट दोन मिलिमीटरच्या थरानं भरा. बल्कफिल, म्हणजे जाड थरात भरायचं कंपोझिट, असेल तर कागदावर सांगितलेल्या खोलीपर्यंत, बहुतेक चार मिलिमीटर. पेरिओ प्रोबनं, म्हणजे मिलिमीटरच्या खुणांच्या सळईनं, खरंच मोजा, कारण अंदाजाचे दोन मिलिमीटर तीन निघतात. थरांचं आणखी एक कारण आहे. कडक होताना कंपोझिट आकारमानानं दोन-तीन टक्के आकसतं आणि भिंतीपासून सुटू बघतं.

सगळ्यात खालचा थर सगळ्यात महत्त्वाचा आणि नेमका तोच टोकापासून सगळ्यात लांब. हिरडीकडचा तळ बऱ्याचदा सहा ते आठ मिलिमीटर खाली असतो, आणि एवढ्या अंतरावर अनेक लाइटचा जोर निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येतो. म्हणून पहिल्या थराला, आणि कंपोझिट दाताला चिकटवणाऱ्या बाँडिंगलाही, वेळ वाढवून द्या. मी कागदावरच्या वेळेच्या दुप्पट देतो. गडद शेड असेल तर तिथंही हात आखडता घ्यायचा नाही.

टोक दाढेच्या जितकं जवळ नेता येईल तितकं न्या, पण ओल्या कंपोझिटला टेकवू नका. काकांच्या दाढेची गोष्ट आठवा. दुसऱ्या हाताचं बोट बाजूच्या दातावर टेकवून लाइट स्थिर करा. आणि बघत राहा. नवखा माणूस बटण दाबतो आणि निळा उजेड डोळ्यात जाऊ नये म्हणून मान वळवतो, तेवढ्यात हात घसरून लाइट गालावर. कॅनडातल्या डलहौसी विद्यापीठात रिचर्ड प्राइस यांनी दातांत सेन्सर बसवलेला पुतळा वापरून हेच मोजलं. लाइट तीच, सेकंद तेवढेच, पण माणसागणिक दाताला पोचलेली ऊर्जा कितीतरी वेगळी. शिकवल्यावर त्याच माणसांचा हात सुधारला. चष्मा घालून लाइटकडे बघत राहणं हा त्या शिकवण्यातला मोठा भाग.

मॅट्रिक्स बँड, म्हणजे फिलिंगला आकार द्यायला दाताभोवती लावलेली पट्टी, धातूचा असेल तर तो काढल्यावर गालाच्या बाजूनं एकदा आणि जिभेच्या बाजूनं एकदा पुन्हा लाइट मारा. बँड असताना तिथं उजेड पोचलेलाच नसतो. शेवटी वर राहणारा चिकट थर हवेतल्या ऑक्सिजनमुळे असतो. पॉलिशमध्ये तो निघतो, नाहीतर वरून ग्लिसरीन लावून शेवटची लाइट मारा. मुलांच्या दाढांना सीलंट लावताना, ब्रेसेसचे ब्रॅकेट चिकटवताना हेच नियम, फक्त थर पातळ.

मशेरी आणि उष्णता

आपल्या भागात मशेरी लावून लावून दातांच्या माना झिजलेल्या बायका रोज येतात. तिथलं फिलिंग उथळ असतं, लाइट जवळ नेता येते, म्हणून ते सोपं वाटतं. पण जोरदार लाइट तिथं हिरडीला अगदी टेकून असते आणि खाली दातही पातळ उरलेला असतो. एलईडी थंड असते हा गैरसमज आहे. खात्री करायची तर कव्हर लावून स्वतःच्या नखावर वीस सेकंद धरा.

दाताच्या नसेला किती उष्णता सोसते यावर १९६५ मध्ये झाक आणि कोहेन यांनी माकडांवर केलेलं काम अजून सांगितलं जातं. नसेचं तापमान साडेपाच अंश सेल्सिअसनं वाढलं तेव्हा सुमारे १५ टक्के दातांच्या नसा सावरल्या नाहीत. माणसाच्या दाताला तो आकडा जसाच्या तसा लागू होईल असं नाही, पण सावध राहायला पुरेसा आहे. म्हणून सलग चाळीस सेकंदांऐवजी वीस-वीस मारा, मधे दोन-तीन सेकंद थांबा, सहायकाला हलकी हवा मारायला सांगा. हिरडी दिसत असेल तर तिच्यावर ओल्या गॉजचा तुकडा ठेवा.

डोळे

निळ्या उजेडाचा दृष्टिपटलाला सगळ्यात जास्त त्रास ४४० नॅनोमीटरच्या आसपास होतो, आणि आपली लाइट तिथंच जोरात असते. तुम्ही दिवसाला पाच-दहा वेळा मारता, पेशंट वर्षातून एकदा. म्हणून चष्मा आधी तुमचा आणि ताईंचा. गनवर चिकटवलेली नारिंगी टिकली मदत करते, पण ताई ज्या बाजूला उभ्या असतात तिकडून ती बऱ्याचदा उपयोगाची नसते. पेशंटलाही चष्मा द्या किंवा डोळे मिटायला सांगा. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या आजी-आजोबांना आणि उजेडाची ॲलर्जी असलेल्यांना हे आठवणीनं विचारा. आमच्या केस पेपरवर ती एक ओळ छापूनच घेतलीय.

दोन रुपयांचा नट

इतकं करूनही तळ कडक होतो का, हे कसं कळणार? त्यासाठी हार्डवेअरच्या दुकानातून सहा एमएमचे चार-पाच नट आणा. एक नट साधारण पाच मिलिमीटर जाड असतो. काचेच्या पट्टीवर मायलार स्ट्रिप (पातळ पारदर्शक प्लास्टिकची पट्टी), खाली काळा कागद, त्यावर नट, त्यात कंपोझिट ठासून भरा. वरून स्ट्रिप ठेवून तुमच्या नेहमीच्या वेळेइतकी लाइट मारा. मग नट उलटा करा आणि प्लास्टिकच्या इन्स्ट्रुमेंटनं खालून मऊ भाग खरवडत जा, कडक लागेपर्यंत. प्रोबनं खड्डा मोजा, पाचातून वजा करा. उरलं ते कडक झालेलं. त्याच्या निम्मी खोली विश्वासाची धरा. आंतरराष्ट्रीय मानकाच्या चाचणीतही निम्मंच धरतात, कारण खरवडायला कडक लागणारा शेवटचा भागही नीट क्युअर झालेला नसतो.

एक मिलिमीटर मऊ निघालं तर चार कडक, म्हणजे दोनचा थर ठीक. अडीच मऊ निघालं तर सव्वाच्या वर थर टाकू नका, आणि आधी लाइट तपासा. बल्कफिल तपासायचं तर एकावर एक दोन नट. मग लाइट सहा मिलिमीटर वर धरून हाच प्रयोग पुन्हा करा. माझ्याकडे आलेल्या एका मुलीनं हे केल्यावर दोन्ही नट शेजारी ठेवून कितीतरी वेळ नुसतं बघितलं. बॉक्समध्ये वेळ का वाढवायचा, हे तिला पुन्हा सांगावं लागलं नाही.

विकत घेताना

टोक मोठं, डोकं बुटकं, म्हणजे शेवटच्या दाढेवर सरळ बसेल. जादा बॅटरी मिळते का विचारा. दुरुस्ती जवळपास होते का तेही, नाहीतर गन महिनाभर कुरियरमध्ये फिरते. दुकानात जाताना खिशात दोन नट आणि आपलं रोजचं कंपोझिट घेऊन जा, तिथंच मारून बघा. स्वस्तातली बिनानावाची गन दुसरी म्हणून ठेवायला हरकत नाही, पण तिचाही नट तपासलेला असावा. बॅटरीच्या गनचा एक फायदा मात्र निर्विवाद: थराच्या मधे लाइट गेली तरी लाइट चालते.

आमचा दवाखाना गावभागात, तळमजल्यावर. २०१९ च्या ऑगस्टमधल्या पुरानंतर, आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी वाढल्याची बातमी आली की ताई सगळ्यात आधी गन, चार्जर आणि रेडिओमीटर एका पिशवीत घालून वरच्या मजल्यावर नेतात. कॉम्प्रेसर उचलायला चार माणसं लागतात, ही पिशवी एका हातात मावते. आणि कुणाची गन भिजलीच, तर उन्हात वाळवून चार्जिंगला लावू नका. लिथियमची बॅटरी आहे ती, पेट घेऊ शकते. बॅटरी बदला, आणि बदलल्यावर आधी वहीतला पहिल्या दिवसाचा आकडा पुन्हा येतो का ते बघा.